फियाटचं हँडल

पद्मिनी गाडीच्या दाराला आतून दोन हँडलं असतात. एक दार उघडायचं, दुसरं काच खाली-वर करायचं. दार उघडणाऱ्याचं काम एका झटक्याचं. ओढलं, खटका सुटला, झालं. काचेच्या हँडलच्या वाट्याला मात्र कष्ट आले आहेत. काच पुरती उतरवायची तर गिरक्यांवर गिरक्या घ्यायच्या, चढवायची तर तेवढ्याच उलट्या. ऊन आलं, पाऊस आला, सिग्नलला गजरेवाली आली, टोलनाका आला, की हात त्याच्याकडेच जाणार. गाडीत सगळ्यात जास्त माणसांचे हात लागलेली वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी स्टिअरिंगचं नाव घेणार नाही. स्टिअरिंगला फक्त चालवणाऱ्याचा हात लागतो. या हँडलला घरातल्या सगळ्यांचा लागतो.

बांध्याने ते ठेंगणं. वीतभरही नसलेला हात, आणि मध्येच हलका बाक, फिरवताना बोटांची पेरं दाराच्या पॅडवर घासू नयेत म्हणून. टोकाला चिमटीत मावणारी प्लास्टिकची मूठ. ही मूठ स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हात गोल गेला तरी ती बोटांत स्थिर राहते. ज्या कुणी हे आखलं त्याने माणसाच्या बोटांचा नीट विचार केला होता. दुसऱ्या टोकाला मान, मानेत भोक, आणि भोकाच्या आत, काच सरकवणाऱ्या मशीनच्या आसाला धरून ठेवणारी खाच, कुठे बारीक दात्यांची, कुठे चौकोनी. वरून क्रोमची झळाळी, आतून जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम. तळहातावर घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं. असा जडपणा हल्लीच्या गाड्यांच्या दारात उरलेला नाही.

मुंबईत या गाडीला पद्मिनी म्हणणारे थोडेच. ती फियाट. आणि ते बरोबरच आहे, कारण घराणं इटलीतल्या तुरीनचं. फियाट कंपनीची 1100 ही गाडी 1953 साली नव्या रूपात आली. आपल्याकडे ते रूप डुक्कर फियाट म्हणून ओळखलं जाई, तिची पुढची दारं उलटी उघडायची. त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती, 1100 डी, 1964 पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली ही कंपनी. गाडीची नावं बदलत गेली, डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. इटलीत 1100 डी 1966 सालीच थांबली, कुर्ल्यात तिचा वंश शतक संपेपर्यंत चालला. लालबहादूर शास्त्रींनी 1964 ची फियाट घेतली ती पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून, आणि त्यांच्या पश्चात पत्नी ललिताबाईंनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. कुर्ल्याच्या कारखान्यापुढून जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडला आज शास्त्रींचंच नाव आहे. या रस्त्याने जाताना मला नेहमी बरं वाटतं.

आता पुन्हा हँडलकडे. बहुतेक फियाटना एसी नव्हता, तेव्हा गाडीतला वारा त्याच्याच हुकमतीत. पुढच्या दारांना तिकोनी काच होती, ती ढकलली की वाऱ्याची धार थेट अंगावर यायची, पण मोठी काच उतरली नाही तर तिकोनीचा कितीसा आधार? खंडाळ्याच्या घाटात मुलं हात बाहेर काढणार, आई मागून ओरडणार आणि मग ज्याच्या बाजूची काच असेल तो निमूट हँडल फिरवणार, हे दृश्य एका पिढीच्या आठवणीत पक्कं बसलं आहे. टॅक्सीत तर त्याची आणखी वेगळी तऱ्हा. मागच्या दारांची हँडलं झिजून, तुटून गेलेली असत. पाऊस आला की टॅक्सीवाला पुढून स्वतःजवळचं एकुलतं हँडल मागे देई. ते आसावर खोचायचं, काच चढवायची आणि परत पुढे द्यायचं. चार दारांचा भार एकट्याने उचलणारी अशी हँडलं मुंबईने पुष्कळ पाहिली.

त्याची तब्येत हातालाच कळते. मी जुन्या फियाटपाशी गेलो की आधी बॉनेट उघडत नाही, दाराशी बसून काच एकदा पुरती उतरवतो आणि चढवतो. वरपासून खालपर्यंत सारखंच जड जात असेल तर काचेच्या चॅनलमधलं फेल्ट वाळून कडक झालं आहे. एकाच जागी अडत असेल तर चॅनल वाकलेलं आहे, नाहीतर आतली चाकी सुटली आहे. हँडल फिरतंय आणि काच हलत नाही, आतून कसला आवाजही नाही, तर मानेतले दाते गेले. मिस्त्री म्हणतात, ‘स्लिप मारतंय.’ हँडल फिरताना आत करकर होते पण काच जागची उठत नाही, तेव्हा रोग मशीनमध्ये. आणि खड्ड्यातून गाडी गेल्यावर काच आपोआप दोन बोटं खाली उतरत असेल तर मशीनमधली, काचेला जागीच धरून ठेवणारी स्प्रिंग थकली आहे. दोष काहीही असो, शिव्या खायचं हँडलच. निम्म्याहून अधिक वेळा ते निर्दोष असतं.

ते काढायला घेतलं की त्याचा भिडस्तपणा कळतो. कुठेही स्क्रू नाही, नट नाही. नवखा माणूस आधी ओढून पाहतो, मग मोठा स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटतो. हे मुळीच करू नये. जस्ताचं ओतकाम ठिसूळ, ते मानेशी चिरतं, आणि वाचलंच तर पॅडच्या रेक्झिनला जन्मभराचा व्रण राहतो. हँडल आणि पॅड यांच्या मध्ये एक गोल चकती असते. ती दोन्ही अंगठ्यांनी आत दाबायची. पॅडमागची स्प्रिंग तिला बाहेर रेटत असते. दाबल्यावर जराशी फट पडते, तिच्यात बॅटरीचा उजेड टाकला की सगळं गुपित दिसतं.

या पिढीच्या गाड्यांत ते गुपित दोन तऱ्हांचं असतं. एक तर मानेतून आणि आसातून आरपार गेलेली बारीक पिन. नाहीतर घोड्याच्या नालेच्या आकाराची, स्प्रिंगच्या पोलादाची क्लिप, जी मानेच्या खाचांतून जाऊन आसाच्या खोबणीला मिठी मारून बसते. फियाटच्या एवढ्या वर्षांच्या आयुष्यात कधी दार बदललेलं असतं, कधी मशीन. म्हणून चकती दाबून डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काही ठरवू नये, आणि एका दाराचं पाहून दुसऱ्याचं गृहीत धरू नये.

सुरुवात मात्र त्याच्याही आधी होते. काच पुरती वर चढवायची आणि त्या स्थितीत हँडलचा रोख कुठे आहे ते टिपून ठेवायचं. मोबाइलवर फोटो काढला तरी पुरे. परत बसवताना हा रोख चुकला तर हँडल गुडघ्याला लागत राहतं आणि चार दारांची चार हँडलं चार दिशांना तोंडं करून बसतात. गाडीची निगा राखणारा माणूस ओळखायची माझी खूण हीच आहे. काचा बंद असताना चारही हँडलं एका रोखात असली की समजावं, इथे कुणीतरी मन घालून काम केलं आहे.

पिन असेल तर हँडल फिरवून पिनेचं टोक सोयीच्या बाजूला आणायचं. आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडलेला असला तर उत्तम. चकती दाबून धरायला दुसरा माणूस हवा. एकट्याने करायचं तर फटीत दोन लाकडी पट्ट्या सारायच्या. पिनेहून किंचित बारीक पंच, हलकी हातोडी, बेताचा ठोका. पिन हलली की बाकीची पकडीने ओढून घ्यायची. ठोकताना हँडलला दुसऱ्या बाजूने लाकडाचा टेकू द्यावा, सगळा धक्का मशीनच्या आसाने सोसू नये.

क्लिप असेल तर तिच्यासाठी खास चिमटा मिळतो, पण गॅरेजमधली जुनी युक्ती चिंधीची आहे, आणि मला तीच आवडते. सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी घ्यायची. क्लिपची उघडी टोकं ज्या बाजूला आहेत तिकडून ती हँडलच्या मानेमागे सारायची, दोन्ही हातांत तिची टोकं धरायची आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी आळीपाळीने ओढत ताण देत जायचं. कापड क्लिपच्या वळलेल्या टोकांत अडकतं, तिला पुढे रेटतं, आणि टच्‌ असा आवाज होऊन क्लिप सुटते. सुटते ती उडतेच. म्हणून मांडीवर टॉवेल पसरावा, खालची फरशी झाडून घ्यावी. रेक्झिनला ओरखडा नाही, क्रोमला चरा नाही, खर्च शून्य. ही क्लिप नखाएवढी, पण ती हरवली तर हँडल नुसतंच आसावर टेकून राहतं आणि ऐन पावसात हातात येतं.

हँडल निघालं, चकती निघाली, स्प्रिंग निघाली. तिन्ही गोष्टी एका पिशवीत, पिशवीवर ‘पुढचं डावं’ अशी चिठ्ठी. मग दार उघडायच्या हँडलची पाळी, मग हात टेकायच्या कठड्याचे स्क्रू, आणि शेवटी पॅड. पॅड म्हणजे रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड, कडेने तारेच्या क्लिपांनी पत्र्याच्या भोकांत दाबून बसवलेला. पातळ, रुंद पट्टी कडेखाली सारून बरोबर क्लिपच्या शेजारी उचलायचं. दोन क्लिपांच्या मध्ये उचललं की बोर्ड मोडतो. खालची कड बहुधा पाणी पिऊन फुगलेली असते. अशा बोर्डाला हात लावतानाच तो चुरायला लागतो. तेव्हा त्याचा नाद सोडावा, पण फेकू मात्र नये. त्याच्यावरूनच नव्याची आखणी करायची असते.

आता दाराचं पोट दिसतं. त्या काळच्या मशीनची दोन घराणी आहेत. एकात हँडलच्या आसावरचं छोटं दातेरी चाक मोठ्या दातेरी कमानीला फिरवतं, कमानीला जोडलेला लांब हात उठतो आणि त्याच्या टोकाची चाकी काचेच्या पायाशी बसवलेल्या पन्हळीत सरकत काचेला वर नेते. दुसऱ्यात एका गरगडीवर तार गुंडाळली जाते आणि ती काचेला ओढून घेते. पहिल्याचे दाते झिजतात, दुसऱ्याची तार उसवते. दोन्ही घराण्यांत एक गोष्ट सारखी. मशीन सोडवण्याआधी काचेला लाकडी पाचर लावून वरच अडकवून ठेवावी लागते, नाहीतर ती सगळ्या वजनानिशी खाली आदळते. फियाटच्या मूळ काचा आता अशा आदळून घालवायच्या राहिलेल्या नाहीत.

दाराच्या तळाशी गाळ असतो. बारीक वाळू, काचेचा चुरा, सुकलेली पानं, आणि पुष्कळदा आधीच्या कुणाच्या हातून उडालेली एखादी क्लिप. काचेलगतच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते थोपवता येत नाही. त्याने बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या काठाला भोकं ठेवलेली असतात. गाळाने ती बुजली की पाणी आत साठतं आणि दार आतून कुजत जातं. बाहेरून रंगाला फुगा येतो तोवर आतला पत्रा चाळण झालेला असतो. हँडलच्या निमित्ताने दार उघडलंच आहे तर ही भोकं तारेने मोकळी करून घ्या. पॅडमागे जाड प्लास्टिकचा कागद चिकटवा, म्हणजे नवा बोर्ड पाणी पिणार नाही. दात्यांना ग्रीस, चाकीला ग्रीस, पण फेल्टला ग्रीस कधीच नाही. त्यावर धूळ बसून चिकटा होतो आणि काच पहिल्याहून जड जाते. जुने मिस्त्री काचेच्या कडेला मेणबत्ती घासत. आजही त्याहून सोपा इलाज नाही.

हँडलचं म्हातारपण क्रोमपासून सुरू होतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत क्रोमच्या बारीक छिद्रांतून ओल आत शिरते, खालचं जस्त पांढरं पडून फुगतं आणि वर बारीक पुरळ येतं. पुढे त्या जागी खड्डे पडतात. लोखंडाच्या बंपरसारखं ते घासून लगेच क्रोम करून मिळत नाही. आधी जुना थर उतरवायचा, खड्डे साफ करायचे, तांब्याचा थर द्यायचा, बफ मारायचा, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम. घाई करणाऱ्या प्लेटिंगवाल्याच्या टाकीत जस्त विरघळूनही जातं. म्हणून हे काम देताना ‘वस्तू जस्ताची आहे’ हे सांगितलंच पाहिजे, आणि ऐकून ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही त्याच्याकडे ती देऊ नये.

दाते गेले असतील तर माझं मत स्पष्ट आहे. आधी दुरुस्ती, मग खरेदी. चांगला लेथवाला मानेतलं भोक मोठं करून त्यात पोलादी बुश ठोकून बसवतो आणि आसाला जुळणारी खाच त्या बुशात घेतो. असं हँडल मूळच्यापेक्षा जास्त टिकतं, कारण पोलादाच्या आसापुढे मऊ जस्त झिजत होतं, आता पोलादापुढे पोलाद आलं. हँडल तुटूनच गेलं असेल तर पितळेत ओतूनही घेता येतं. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात अशी हौसेची कामं करणारे सापडतात. एवढंच लक्षात ठेवायचं की जुन्याच हँडलचा साचा करून ओतलेली वस्तू थंड होताना आकसते आणि मूळच्यापेक्षा किंचित लहान होते. बाहेरून तो फरक दिसत नाही, पण मानेतलं भोक मात्र ओतलेलं न ठेवता लेथवर करून घ्यावं लागतं.

आणि तरीही शोधायला निघावं लागतंच. एखादं हँडल मुळातच नसतं, नाहीतर चारांतलं एक भलत्याच गाडीचं निघतं.

मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्याची भंगारची रांग, चोर बाजार. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. दूर जायची तयारी असेल तर दिल्लीचं कश्मीरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार. या ठिकाणी ‘फियाटचं काचेचं हँडल आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नमुना आणलाय?’ या प्रश्नाला होय म्हणता आलं पाहिजे. जुना तुकडा खिशात हवा, मग तो कितीही झिजलेला असो. दुकानदार तो हातात घेतो, उलटा करतो, मान पाहतो, अंगठ्याने दाते चाचपतो आणि मागच्या मांडणीवरचा पत्र्याचा डबा खाली काढतो. डब्यात वीस हँडलं एकसारखी दिसतात, पण बसतं एखादंच. इतक्या वर्षांत माल पुरवणारे बदलले, भोकाचा व्यास बदलला, दाते बदलले, मानेची उंचीही बदलली. मान एवढीशी आखूड असली तरी हँडल पॅडवर घासतं. म्हणून शक्य तर आसाची जाडी व्हर्निअरने मोजून, दाते मोजून कागदावर लिहून न्यावं.

माल तीन जातींचा. ‘कंपनीचा’ म्हणजे कारखान्याच्या पुरवठ्यातला, न वापरलेला, पुडक्यात राहिलेला. तो आता क्वचित दिसतो आणि त्याची किंमत दुकानदार तुमचा चेहरा पाहून सांगतो. ‘लोकल’ म्हणजे नवं पण नक्कल केलेलं, हलकं, क्रोम पातळ, मूठ घट्ट. आणि ‘गाडीचं निघालेलं’. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे. गाडीतून निघालेल्या हँडलने आपली परीक्षा दिलेली असते. पुरळ आलेलं असलं तरी दाते शाबूत असतील तर ते घ्यावं, मूठ सैल फिरत असेल तर आणखी चांगलं. घेतानाच त्याची चकती, स्प्रिंग आणि पिन किंवा क्लिपही मागून घ्यावी. हँडल देऊन क्लिप न देणारा दुकानदार अर्धीच वस्तू विकत असतो. इटलीतही 1100 चे भाग मिळतात आणि दिसायला सख्ख्या भावासारखे असतात, पण मापं हाती आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

मिळण्याचे दिवस मात्र सरत चालले आहेत. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याआधीच्या वर्षांत हजारो टॅक्सी तोडल्या गेल्या. भंगारात हँडलांचे ढीग पडले तेव्हा ती किलोवर गेली, वितळली. त्या वेळी कुणी पोतंभर बाजूला काढून ठेवली असती तर आज कितीतरी दारं पुरी असती. याची मला खरोखर हळहळ वाटते.

उलट बाजूने गाडीची प्रतिष्ठा वाढते आहे. केंद्राने 2021 साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडी आता व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला मनाई. पद्मिनी नावाने निघालेल्या पहिल्या गाड्या 2024 साली पन्नाशीला पोचल्या. नियमात हँडलचा उल्लेख नाही, पण मूळ रूप म्हणजे नुसती चासी आणि बॉडी, असं मला वाटत नाही. गाडी बाहेरून तुळतुळीत रंगवलेली, आत शिवणकाम नवं, आणि दारात कुठल्यातरी तिसऱ्याच गाडीचं काळं प्लास्टिकचं हँडल, हे पाहिलं की मन खट्टू होतं. ज्या वस्तूला सगळ्यांचा हात लागतो तीच परकी! रंगाला लाख रुपये घालणाऱ्याने चार हँडलांसाठी चार बाजार फिरावेत, एवढी अपेक्षा मोठी नाही.

काम झाल्यावर दाराशी बसून काच एकदा पुरती चढवून पाहावी. फेल्ट नवं, चाकीला ग्रीस, काचेच्या कडेला मेण, मानेत पोलादी बुश. हँडल दोन बोटांनी फिरतं. मूठ बोटांत जागची हलत नाही, आतून दात्यांचा एकसारखा, बारीक, कोरडा आवाज येतो, काच वरच्या रबरात शिरताना जरा अडते, आणखी पाव गिरकी दिली की घट्ट बसते.

तेव्हा तुमच्या घरी कधीकाळी फियाट असेल, गाडी गेली असेल पण माळ्यावरच्या एखाद्या डब्यात तिचं हँडल, चकती, तिकोनी काचेचा खटका, एखादी क्लिप राहिली असेल, तर तो डबा भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका. आधी तुमच्या गावातल्या जुन्या मिस्त्रीला विचारा, फियाट बाळगणाऱ्या एखाद्या माणसाचा पत्ता काढा आणि ते सगळं त्याच्या हातात द्या. झिजलेलं असलं तरी द्या. नमुना म्हणूनही ते लागतं.